पिकअपचे झिजलेले ऑल-टेरेन टायर बदलताना

पिकअप ट्रकला नवे ऑल-टेरेन (डांबरी आणि कच्च्या अशा दोन्ही रस्त्यांसाठीचे) टायर बसवण्याचे काम दुकानात दोन-तीन तासांत उरकते. ते टायर पुढची काही वर्षे नीट चालतील की नाही, हे मात्र दुकानात जाण्यापूर्वी घेतलेल्या निर्णयांवर आणि नंतरच्या पहिल्या शंभरेक किलोमीटरवर ठरते. इसुझूची व्ही-क्रॉस किंवा टोयोटाची हायलक्स घेणारे आपल्याकडचे बरेचसे मालक त्याआधी साधी मोटार चालवत आलेले असतात. टायरच्या बाजूवरची अक्षरे वाचण्याची सवय त्यांना नसते, आणि नक्षी जितकी दांडगी तितका टायर चांगला, अशी समजूत मात्र पक्की असते. हा लेख अशा नवख्या मालकांसाठी, कामाच्या क्रमानेच लिहिला आहे.

आधी झीज वाचा

केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम ९४ नुसार चारचाकी वाहनाच्या टायरच्या खाचांची खोली १.६ मिमीपेक्षा कमी असता कामा नये. ही मर्यादा ओळखता यावी म्हणून मुख्य खाचांच्या तळाशी ठरावीक अंतरावर रबराचे छोटे उंचवटे दिलेले असतात; बाजूवर त्यांच्या जागी त्रिकोणाची किंवा तशीच एखादी खूण असते. नक्षी झिजत झिजत या उंचवट्यांच्या पातळीला आली की टायर कायद्यानेच बाद होतो. परंतु ही मर्यादा डांबरी रस्त्यावरच्या किमान सुरक्षिततेची आहे. ऑल-टेरेन टायर ज्या कामासाठी जास्त पैसे मोजून घेतला जातो, ते काम तो त्याच्या बराच आधी सोडून देतो. नव्या टायरची खाच साधारण १० ते १३ मिमी खोल असते. ती ५ मिमीच्या आसपास आली की चिखल बाहेर फेकण्याची आणि सैल मातीत पकड घेण्याची त्याची ताकद सरते, जरी डांबरावर तो धडधाकट वाटत असला तरी. ३ मिमीच्या खाली ओल्या रस्त्यावर थांबण्याचे अंतर जाणवण्याइतके वाढते आणि साचलेल्या पाण्यावरून वेगाने जाताना चाक रस्ता सोडून पाण्याच्या थरावर तरंगू लागण्याचा धोका वाढतो. म्हणून ज्यांना जून ते सप्टेंबर आंबोली, तामिणी किंवा माळशेजसारख्या घाटांतून नियमित जावे लागते, त्यांनी मे महिन्यात खोली मोजावी आणि ती ४ मिमीच्या आत असेल तर पावसाळा काढण्याचा मोह टाळावा. खोली मोजण्याचे गेज स्वस्तात मिळते. प्रत्येक टायरवर आतली कड, मध्य आणि बाहेरची कड अशा तीन ठिकाणी, परिघावर दोन-तीन जागी मोजून आकडे लिहून ठेवावेत.

हे आकडे केवळ टायर बदलायचा की नाही एवढेच सांगत नाहीत; गाडीत काय बिघडले आहे तेही सांगतात. दोन्ही कडा झिजून मध्य शाबूत असेल, तर हवा कमी ठेवून गाडी चालवली गेली आहे. मध्य झिजून कडा शाबूत असतील, तर हवा जास्त होती. रिकाम्या पिकअपच्या मागच्या चाकांना सदैव भारासाठीची हवा ठेवणाऱ्यांकडे हे हमखास दिसते. पुढच्या चाकाची एकच कड खाल्ली गेली असेल, तर अलाइनमेंट (चाकांच्या कोनांची जुळणी) बिघडलेले आहे. नक्षीच्या ठोकळ्यांवरून हात एका दिशेने फिरवला असता गुळगुळीत आणि उलट दिशेने फिरवला असता करवतीसारखा लागत असेल, तर त्याचेही कारण बहुधा चाकांच्या कोनातच सापडते. परिघावर खळगे पडलेले दिसले तर शॉक अ‍ॅब्सॉर्बर, बेअरिंग किंवा बॅलन्सिंग (चाकाच्या वजनाचा समतोल) यांची तपासणी करून घ्यावी. ही कारणे दूर न करता नवे टायर बसवले, तर तेही त्याच पद्धतीने झिजतात, आणि मग दोष टायरच्या कंपनीला दिला जातो.

सह्याद्रीच्या भागातील गाड्यांच्या टायरवर आणखी एक प्रकारचे नुकसान दिसते, ज्याचा झिजेच्या आकड्याशी संबंध नसतो. बेसाल्टची फोडलेली खडी धारदार असते. खाणीच्या रस्त्यांवर किंवा नुकतीच खडी अंथरलेल्या कच्च्या रस्त्यांवर मागची चाके जोरात फिरली की नक्षीच्या ठोकळ्यांचे टवके उडतात. वरवरचे टवके चालतात. तळाशी तार दिसू लागली असेल, बाजूला फुगा आला असेल किंवा बाजू कापली गेली असेल, तर मात्र तो टायर खोली कितीही शिल्लक असली तरी बाद समजावा. बाजूच्या कापावर पॅच मारून देणारे पंक्चरवाले भेटतात. त्यांच्या कौशल्याबद्दल आदर ठेवूनही हा उपाय महामार्गावर जाणाऱ्या गाडीसाठी स्वीकारू नये.

वय हाही स्वतंत्र निकष आहे. कमी चालणाऱ्या गाडीच्या टायरची नक्षी टिकते, पण ऊन आणि उष्णता यांमुळे रबर कडक होते व बाजूला बारीक भेगा पडतात. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासणी करून घ्यावी आणि भेगा दिसू लागल्या की नक्षी शिल्लक आहे म्हणून टायर वापरत राहू नये.

किती बदलायचे: दोन, चार की पाच

व्ही-क्रॉस आणि हायलक्स यांच्या चारचाकी चालनाच्या आवृत्त्यांत पार्ट-टाइम पद्धत असते. फोर-एच (चारही चाकांना जोर देणारी स्थिती) लावले की पुढचा आणि मागचा आस एकमेकांशी जखडला जातो व दोघांना समान वेगाने फिरावे लागते. आता पुढे १२ मिमीचे नवे टायर आणि मागे ४ मिमीचे जुने असतील, तर दोन्हींच्या व्यासात १६ मिमीचा, म्हणजे सुमारे दोन टक्क्यांचा फरक पडतो. सैल मातीत चाके थोडी घसरून हा फरक पचवतात. घट्ट जमिनीवर तो पचत नाही आणि ताण ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या आसांत जोर वाटणारी पेटी), शाफ्ट व गिअर यांवर येतो. म्हणून या गाड्यांत चारही टायर एकाच वेळी, एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे घेणे हाच योग्य मार्ग आहे.

खिशाला एकदम चार परवडत नसतील तर एका आसावर जोडी बदलावी, कधीही तिरके एक-एक नव्हे, आणि नवी जोडी मागे बसवावी. नवे टायर पुढे हवेत, असे बहुतेकांना वाटते. परंतु ओल्या वळणावर मागची चाके सुटली तर गाडी गरकन फिरते आणि नवख्या चालकाला ती सावरता येत नाही. रिकाम्या पिकअपचा मागचा भाग मुळातच हलका असतो, त्यामुळे हा धोका तिला साध्या मोटारीपेक्षा अधिक आहे.

पाचवा टायर म्हणजे स्टेपनी. ती हौद्याखाली साखळीला टांगलेली असल्याने कित्येक मालकांनी ती वर्षानुवर्षे पाहिलेलीही नसते. टायर बदलण्याच्या निमित्ताने ती खाली उतरवून तिची तारीख, हवा आणि मुख्य म्हणजे ती उतरवण्याची साखळी व चक्री नीट चालते का हे पाहावे. कोकणातल्या खाऱ्या हवेत ही चक्री गंजून अडकते आणि ते गरजेच्या वेळीच कळते. परवडत असेल तर पाच टायर घेऊन पाचही फिरवत राहणे दीर्घकाळात फायद्याचे ठरते, कारण मग खडीवर एखादा टायर फाटला तरी त्याच्या जोडीला तितकाच झिजलेला टायर हाताशी असतो.

आकार आणि भार: बाजूवरची अक्षरे

समजा टायरवर २६५/६५ आर १७ ११२ एस असे लिहिले आहे. २६५ ही टायरची मिलिमीटरमधील रुंदी, ६५ म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के, आर म्हणजे रेडियल आणि १७ हा रिमचा इंचांतील व्यास. ११२ हा भारांक असून त्याचा अर्थ एक टायर योग्य हवा असताना ११२० किलो वाहू शकतो; ११० चा अर्थ १०६० किलो आणि ११६ चा १२५० किलो. शेवटचे अक्षर वेगाची मर्यादा सांगते: क्यू १६०, एस १८०, टी १९०, एच २१० किलोमीटर प्रतितास. नवा टायर घेताना रुंदी आणि रिम जुळले म्हणजे झाले असे समजून भारांक कमी असलेला टायर पदरात पाडून घेणे ही पिकअपच्या बाबतीत सर्वांत धोकादायक काटकसर आहे, कारण ही गाडी कधी ना कधी सिमेंटच्या गोण्या किंवा आंब्याच्या पेट्या भरून घाट चढणार असते. चालकाच्या दाराच्या खांबावरील पट्टीवर किंवा पुस्तिकेत दिलेल्या भारांकाएवढा किंवा त्याहून अधिक भारांकच घ्यावा.

काही ऑल-टेरेन टायरच्या आकाराआधी किंवा नंतर एलटी ही अक्षरे असतात आणि भारांक १२०/११७ असा जोडीने दिलेला असतो. हे हलक्या ट्रकसाठीचे जाड बांधणीचे टायर. त्यांची बाजू खडीला चांगली टक्कर देते, मात्र ते वजनदार असतात, रिकाम्या गाडीत कडक लागतात आणि छापलेला पूर्ण भार वाहण्यासाठी त्यांना साध्या टायरपेक्षा बरीच जास्त हवा लागते. महिन्यातून एखाद्या वेळी शेतावर जाणाऱ्याने केवळ रुबाबासाठी ते घेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. खाणीवर, जंगल विभागाच्या रस्त्यांवर किंवा रोज भार घेऊन कच्च्या वाटेने जाणाऱ्यांना ते उपयोगी पडतात.

आता मोठ्या आकाराचा मोह. २६५/६५ आर १७ या टायरचा व्यास सुमारे ७७६ मिमी येतो. हायलक्सच्या १८ इंची रिमवर येणाऱ्या २६५/६० आर १८ चा ७७५ मिमी, म्हणजे दोन्ही जवळजवळ सारखे. व्ही-क्रॉसच्या २५५/६५ आर १७ आणि २५५/६० आर १८ यांचेही तसेच; दोन्ही ७६३ मिमीच्या आसपास. कंपनीने आकार बदलताना व्यास राखला आहे, तो उगाच नव्हे. त्याऐवजी २६५/७० आर १७ बसवला तर व्यास ८०३ मिमी होतो, सुमारे साडेतीन टक्क्यांनी अधिक. गाडीची जमिनीपासूनची उंची त्यामुळे जेमतेम १३ मिमी वाढते. दुसरीकडे स्पीडोमीटर शंभर दाखवत असताना गाडीचा खरा वेग पूर्वीपेक्षा साडेतीन टक्क्यांनी जास्त असतो, चढावर गिअर जड वाटतात, इंधन जास्त जाते आणि स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर आतल्या अस्तराला घासण्याची शक्यता असते. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार वाहनात उत्पादकाच्या मूळ तपशिलाविरुद्ध बदल करता येत नाहीत. रिमबाहेर आणि मडगार्डबाहेर डोकावणारे टायर हे त्या दृष्टीने कारवाईला उघड निमंत्रण असते, आणि अपघातानंतर विम्याच्या दाव्यातही ते आड येऊ शकते. नवख्याने कंपनीने त्या गाडीसाठी दिलेल्या आकारांतूनच निवड करावी.

नक्षीबद्दल थोडक्यात. आपल्या बाजारात योकोहामाचा जिओलँडर ए/टी, बीएफगुडरिचचा ऑल-टेरेन आणि अपोलो, सिएट यांचे या वर्गातले टायर मिळतात. बीएफगुडरिचच्या ऑल-टेरेनच्या केओ२ या आवृत्तीची बाजू तीन पदरी आहे, म्हणून दगडधोंड्यांत फिरणारे त्याच्यामागे असतात. जिओलँडर डांबरावर तुलनेने शांत चालतो. मात्र कोणत्याही ऑल-टेरेन टायरकडून सोलापूर किंवा मराठवाड्यातल्या काळ्या मातीत पावसाळ्यात चमत्काराची अपेक्षा ठेवू नये. ही चिकट माती खाचांत बसली की बाहेर पडत नाही आणि नवा टायरसुद्धा गोटा टायरसारखा घसरतो. तिथे उपाय म्हणजे ती वाट टाळणे, फार तर चिखलासाठीचे मड-टेरेन टायर, आणि त्यांचा डांबरावरचा आवाज व ओल्या रस्त्यावरची अडचण रोज सोसण्याची तयारी.

दुकानात

मागवण्यापूर्वी किंवा गाडीवर चढवण्यापूर्वी प्रत्येक टायरची उत्पादन तारीख पाहावी. बाजूवर चार आकडी संख्या असते. पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष दाखवतात. २३२५ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा, अर्थात जूनचा सुमार. हा आकडा टायरच्या एकाच बाजूवर असतो, म्हणून तो दिसला नाही तर टायर उलटून पाहण्यास सांगावे. सहा-आठ महिन्यांपर्यंतचा साठा ठीक आहे. दीड-दोन वर्षे गोदामात पडलेला टायर घसघशीत सवलत मिळाल्याशिवाय घेऊ नये. २०२० च्या जूनमध्ये नव्या टायरच्या आयातीवर सरकारने निर्बंध आणल्यानंतर पिकअपच्या कमी खपाच्या आकारांची टंचाई जाणवली आणि जुना साठा काढण्याची वृत्तीही वाढली, हे लक्षात ठेवावे. आयएसआय चिन्ह आहे ना, हेही पाहावे. बिलावर प्रत्येक टायरचा अनुक्रमांक लिहून घ्यावा, कारण उत्पादनदोषाचा दावा करताना तोच विचारला जातो. सप्टेंबर २०२५ पासून टायरवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. बिलात तो योग्य लागला आहे याची खात्री करावी.

जुने टायर उतरवले की रिमची आतली कड घासून स्वच्छ करून घ्यावी. तिथे जमलेला गंज आणि जुन्या रबराचा थर यांमुळे पुढे हळूहळू हवा जाते आणि दोष व्हॉल्व्हवर येतो. रबरी व्हॉल्व्ह प्रत्येक वेळी नवे घ्यावेत. त्यांची किंमत टायरच्या तुलनेत नगण्य असते. गाडीला हवेचा दाब दाखवणारे सेन्सर असतील तर ते व्हॉल्व्हलाच जोडलेले असतात, म्हणून मशिनचा हात लावण्यापूर्वीच कारागिराला तसे सांगावे. नव्या टायरच्या कडेला साबणाचे किंवा खास वंगणाचे पाणी लावून तो बसवला जातो. कोरडा टायर टॉमीने ओढून चढवताना कड फाटू शकते. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण किंवा बाहेरची बाजू दर्शवणारी सूचना असेल, तर ती पाळली गेली आहे हे स्वतः पाहावे.

बॅलन्सिंग टाळू नये. ऑल-टेरेनच्या जाड ठोकळ्यांमुळे वजनाचा असमतोल जास्त असू शकतो आणि तो ८० ते १०० च्या वेगात स्टिअरिंगच्या थरथरीतून जाणवतो. एखाद्या चाकाला वजनांची लांबच लांब पट्टी चिकटवावी लागत असेल, तर टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून पुन्हा पाहण्यास सांगावे. बऱ्याचदा वजन निम्म्यावर येते.

चाक गाडीवर चढवताना नट आधी हाताने काही आटे फिरवावेत, मग समोरासमोरच्या क्रमाने थोडे थोडे आवळावेत. हवेवर चालणाऱ्या गनने एका दमात आवळण्याची घाई सर्वत्र दिसते. त्यामुळे स्टड (नट ज्यांवर बसतात ते बोल्ट) ताणले जातात, आटे खराब होतात आणि घाटात एकट्याने स्टेपनी लावायची वेळ आली की गाडीतल्या पान्याने ते नट सुटत नाहीत. शेवटचा आवळ टॉर्क रेंचने (ठरावीक जोरानेच आवळता येणाऱ्या पान्याने), पुस्तिकेत दिलेल्या आकड्यावरच द्यावा. दुकानात रेंच नसेल तर हे दुकान योग्य नव्हे. स्टेपनी लोखंडी रिमवर आणि बाकीची चाके अलॉयवर असतील, तर दोन्हींच्या नटांची बैठक वेगळी असू शकते. पुस्तिकेत याविषयी काय लिहिले आहे ते आधीच वाचून ठेवावे.

अलाइनमेंट आणि हवा

टायर बसल्यावर त्याच दिवशी अलाइनमेंट करून घ्यावे. या पिकअपच्या मागे लीफ स्प्रिंगवर (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगवर) ठेवलेला अखंड आस असल्याने मागच्या चाकांचे कोन जुळवता येत नाहीत. मशिनने मागे मोठा फरक दाखवला तर त्याचा अर्थ आस सरकला आहे किंवा पट्ट्यांचा मधला बोल्ट तुटला आहे, आणि ते काम टायरवाल्याचे नव्हे, गॅरेजचे आहे. पुढच्या चाकांचे टो, कॅम्बर, कॅस्टर या कोनांचे आधीचे आणि नंतरचे आकडे असलेला कागद मागून घ्यावा.

हवा थंड टायरमध्ये, म्हणजे गाडी दोन-तीन तास उभी राहिल्यावर मोजावी. खांबावरील पट्टीवर रिकाम्या आणि भरलेल्या गाडीसाठी वेगळे आकडे दिलेले असतील, तर भार पाहून मागच्या चाकांची हवा बदलण्याची सवय लावून घ्यावी. टायरच्या बाजूवर छापलेला दाबाचा आकडा ही कमाल मर्यादा असते. तेवढी हवा भरायची असते, असा अर्थ त्यातून काढू नये. एलटी टायर घेतले असतील तर जुना आकडा चालणार नाही, विक्रेत्याकडून त्या आकारासाठीचे कोष्टक मागावे. नायट्रोजनवर पैसे खर्च करायचे की नाही हा हौसेचा प्रश्न आहे. साध्या हवेतही सुमारे ७८ टक्के नायट्रोजनच असतो, आणि दर पंधरवड्याला दाब तपासण्याचे काम त्याने टळत नाही.

पहिले शंभर किलोमीटर आणि पुढे

नव्या टायरच्या पृष्ठभागावर साच्यातून सुटण्यासाठी वापरलेल्या पदार्थाचा गुळगुळीत थर असतो आणि उंच ठोकळे सुरुवातीला किंचित लवतात. त्यामुळे पहिले काही शंभर किलोमीटर, विशेषतः ओल्या रस्त्यावर, वेग आवरता ठेवावा, वळणे सावकाश घ्यावीत आणि पुढच्या वाहनापासून अंतर वाढवावे. ८० ते १०० किलोमीटर झाल्यावर सर्व चाकांचे नट टॉर्क रेंचने पुन्हा तपासावेत. नवे चाक बैठकीत बसताना नट किंचित सैल होऊ शकतात. त्याच वेळी स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून टायर कुठे घासल्याची खूण आहे का, तेही पाहावे.

त्यानंतर दर ८ ते १० हजार किलोमीटरला टायर फिरवावेत. मागच्या चाकांवर चालणाऱ्या या गाड्यांत मागचे टायर सरळ त्याच बाजूला पुढे आणायचे आणि पुढचे तिरके करून मागे न्यायचे. स्टेपनी धरून पाच फिरवत असाल तर पुस्तिकेतील आकृती पाहावी. दिशेचा बाण असलेले टायर मात्र आपली बाजू सोडून जाऊ शकत नाहीत. प्रत्येक वेळी खोलीचे आकडे त्याच वहीत तारीख आणि किलोमीटरसह लिहिले, तर झिजेचा वेग कळतो आणि पुढची खरेदी पावसाळ्याच्या तोंडावर घाईने करावी लागत नाही.

उतरवलेले टायर घरी आणू नयेत; ते अंगणात ठेवले तर पाणी साचून डासांची पैदास होते, आणि शेताच्या बांधावर जाळले तर विषारी धूर होतो. टाकाऊ टायरच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर टाकणारे नियम २०२२ मध्ये आले आहेत, म्हणून ते विक्रेत्याकडेच सोडावेत. मात्र तार दिसणारा किंवा फुगा आलेला टायर त्याने दुसऱ्या कुणाला विकू नये यासाठी बाजूवर कटरने आडवा काप देऊनच तो त्याच्या हवाली करावा.